कथेकऱ्याचा नावाडी

फार जुन्या काळची, नद्यांवर पूल नव्हते तेव्हाची ही हकीकत आहे. एक कथेकरी गावोगाव फिरून गोष्टी सांगायचा. सोबत त्याची बायको असे. तिला सातवा महिना लागला होता आणि तिला आता पायपीट झेपत नव्हती.

फिरत फिरत दोघं नदीकाठच्या एका मोठ्या गावी आली. तिथे एक रीत होती. ज्याच्या गोष्टी गावाला आवडतील, त्याला पावसाळ्याचे चार महिने घर आणि शिधा मिळे. पाटील म्हणाले, “तीन दिवस गोष्टी सांगा. मग गाव ठरवील.”

पहिल्या दिवशी त्याने राजपुत्राची गोष्ट सांगितली. राजपुत्राने दोन राक्षस मारले. लोकांनी जांभया देत ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्याने राक्षस सात केले, उडता महाल आणला, शेवटी भूकंपही घडवला. गोष्ट संपायच्या आत अर्धी चावडी रिकामी झाली.

गोष्ट संपल्यावर उरलेलेही निघून गेले; एक म्हातारी तेवढी शेंगा सोलत बसून राहिली होती. कथेकरी तिच्याजवळ गेला.

“आजी, एवढं सगळं घडवलं, तरी माणसं का उठली?”

“बाबा, तुझ्या राजपुत्राला भूक लागली की तो चिडतो, का गप्प बसतो?”

“ते मी काही ठरवलं नाही.”

“मग त्याला राक्षसानं खाल्लं तर मला वाईट कसं वाटावं? मी त्याला ओळखतच नाही.”

कथेकऱ्याला राग आला. धर्मशाळेत परतल्यावर त्याने बायकोला विचारलं, “माझ्या गोष्टींतलं तुला कोण आठवतं?”

ती बराच वेळ आठवत राहिली. मग संकोचून म्हणाली, “राक्षस किती होते, ते आठवतं.”

तिसऱ्या दिवशी सकाळपासून तो घाटावर बसून माणसं पाहत राहिला. कोण कसं बोलतं, कोण कुणाकडे पाहायचं टाळतं, ते त्याने नीट पाहिलं. त्या दिवशीच्या गोष्टीत ना राक्षस होता, ना महाल.

गोष्ट अशी होती: सुभाना नावाचा एक नावाडी होता. भारी हट्टी. पाणी कितीही चढलं तरी वल्हं दुसऱ्याच्या हाती देत नसे. धाकट्या भावाशी त्याने अकरा वर्षं अबोला धरला होता. भाऊ मात्र रोज त्याच्याच नावेतून पलीकडे जाई. सुभाना त्याच्याकडे पाहत नसे, पण त्याच्या बसायच्या जागेवरचं पाणी आधी पुसून ठेवी. एके दिवशी भाऊ आलाच नाही. नाव भरली, लोक ओरडू लागले, तरी सुभाना दोर सोडीना. शेवटी त्याने वल्हं एका उतारूच्या हाती दिलं आणि अकरा वर्षांनी भावाचं दार वाजवलं. भाऊ तापाने फणफणला होता. सुभाना एवढंच म्हणाला, “नाव थांबलीये तुझ्यासाठी.”

चावडीतलं कुणी हललं नाही. एक कुंभार डोळे पुसत होता. पाटलांनी गावाला विचारलंही नाही. घराची किल्ली कथेकऱ्याच्या बायकोच्या हातात दिली.

त्याच घरात श्रावणात तिला मुलगी झाली. बारशाला सगळं गाव आलं. घुगऱ्या घेता घेता कुंभाराने कथेकऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, “सुभानाचा भाऊ बरा झाला ना हो?”

तात्पर्य: ज्या माणसावर ऐकणाऱ्याचा जीव जडतो, त्याचीच गोष्ट मनात राहते.