नदीपलीकडचं धुकं

"...कोडी नकोत भंते. सेकंदाला नव्वद फ्रेम म्हणजे नॉर्मल, की नाही? एवढंच सांगा!"

उत्पलाने स्कूटीवर पायांशी ठेवून आणलेला कॉम्प्युटर विहाराच्या वाचनालयातल्या मॉनिटरला जोडला होता. मोबाइलच्या नेटवर गेम चालू होता आणि पडद्याच्या कोपऱ्यात, सेकंदाला किती चित्रं सरकतात ते सांगणारा, तो नव्वदचा आकडा थरथरत होता. भंते शीलरत्न चीवर घेण्याआधी शहरात कॉम्प्युटरच शिकवायचे. म्हणून तर ती एवढी टेकडी चढून आली होती.

"नव्वद कमी पडतात?"

"याच मशीनवर लोकांना एकशेतीस मिळतात. मी स्वतः जोडलंय हे. इंजिनिअरिंगला पहिली येणारी मुलगी, आणि..." तिने ओठ आवळले.

भंते पडद्याकडे बघत राहिले. गेममधलं ते एक गाव होतं. झाडांना पानं नव्हती. बाजारात चिटपाखरू नव्हतं.

"गाव ओसाड का?"

"गर्दी बंद केलीय. पानं, सावल्या, सगळंच. तेवढाच आकडा वाढतो."

"आणि नदीपलीकडे?"

"लांबचं दिसणं बंद केलंय, म्हणून धुकं. भंते, हे सगळं येतं हो मला!"

"एकटीच खेळतेस?"

"रुचिरा असायची. गाव आम्ही दोघींनीच वसवलं, ऑनलाइन. पण ती आली की आकडा पडायचा. मी म्हटलं, मशीन नीट होऊ दे, मग ये."

"मग?"

तिने माउस उगाच इकडेतिकडे सरकवला.

"उत्पला?"

"आता फोनसुद्धा करत नाही ती." ती पडद्याकडे बघूनच बोलली. "म्हणून तर विचारतेय. मशीन नीट झालं की बोलवीन तिला."

वाचनालयातला पंखा कुरकुरत फिरत होता. दुसरं कुणी नव्हतं.

"सगळं चालू कर."

"आकडा पडेल!"

"कर तू."

तिने माउस आपटत एकेक गोष्ट चालू केली. झाडांना पानं फुटली. भिंतींच्या सावल्या पडल्या. बाजारातून एक म्हातारी कोंबड्या हाकत गेली. आकडा घसरत घसरत एकेचाळीसवर आला.

"बघा! झालं समाधान?"

भंतेंनी बोटाने नदीपलीकडे दाखवलं.

धुकं विरत होतं. पलीकडच्या काठावर एक घर दिसू लागलं. त्याच्या खिडकीत दिवा होता.

उत्पलाचा हात माउसवरच थांबला.

"रुचिराचं घर..." ती हळूच म्हणाली. "ती खेळत असली, तरच दिवा लागतो तिथे. होडीने जायचे मी तिच्याकडे."

कितीतरी वेळ ती त्या दिव्याकडे बघत होती. मग सवयीने नजर कोपऱ्यात गेली.

"पण भंते, एकेचाळीस... हे नॉर्मल आहे?"

भंतेंनी पुढे वाकून त्या आकड्यावर तळहात ठेवला.

"होडी कुठे बांधलीयस?"