शेवरीबाई डोहात उतरल्या

रानात माणसाची पायवाटही पडली नव्हती, त्या काळची गोष्ट. शेवरी नावाची वयस्क हरिणी कळपातल्या पाडसांना शिकवायची. 'वाघ पाणवठ्यावर दबा धरतो, संकट दिसलं की पाण्यापासून लांब पळा,' हा तिचा पहिला धडा. तिच्या हाताखालचं एकही पाडस कधी वाघाच्या तोंडी गेलं नव्हतं.

एके वर्षी डोंगरापलीकडून रानकुत्र्यांची टोळी आली. ती दबा धरत नसे, सावजाला पळवून पळवून दमवत असे. शिकवल्याप्रमाणे पाडसं माळाकडे धावली, आणि त्यातली चिंगी परत आली नाही.

शेवरीला कुणी बोल लावला नाही. पण तिला चारा गोड लागेना. शेवटी ती त्याच टोळीच्या तावडीतून सुटून नुकत्याच कळपाजवळ आलेल्या एका तरुण सांबरीकडे गेली.

"पोरी, त्या टोळीतून तू कशी वाचलीस?"

"खोल डोहात शिरले. पोहताना कुत्र्यांना झडप घालता येत नाही. पण बाई, मी तुम्हाला काय शिकवणार?"

"मला येत नाही ते."

दुसऱ्या दिवशी शेवरीने पाडसांना डोहाकाठी बोलावलं. "माझा धडा वाघापुरताच होता, बाळांनो. आजपासून ही सांबरी शिकवेल."

"बाई, तुम्हाला येतं पोहायला?" एका पाडसाने विचारलं.

"नाही रे."

ती पाडसांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. सांबरीने "उतरा" म्हटलं, तेव्हा सगळ्यांत आधी शेवरी पाण्यात शिरली.