तोफेच्या टप्प्यात

"मग ती येत का नाही, बाबा?"

किल्लेदार सुभानरावांनी हे विचारलं तेव्हा अल्लाबक्ष फकीर चुलीत काटक्या सारत होता.

नदीचं पाणी जिथं उथळ होतं, माणसं जिथून चालत नदी ओलांडत, तिथं एका काठावर त्याची झोपडी होती. समोरच्या काठावर सुभानरावांचा किल्ला.

"कोण येत नाही?"

"म्हाळसा. माझी बहीण. तुमच्याच काठावरच्या गावात दिली आहे. आई अंथरुणाला खिळली आहे, बाबा. जरा दार वाजलं की म्हणते, म्हाळसा आली का बघ."

फकिरानं आणखी एक काटकी चुलीत सारली.

"सासरचे सोडत नसतील म्हणावं, तर तसंही नाही. निरोप गेला. येते म्हणून उलट निरोप आला. ती आली नाही... विसरली असेल. लहानपणी माझ्या ताटातला घास खाल्ल्याशिवाय तिचं पोट भरत नसे."

सुभानरावांनी बोलणं तोडलं. मान वळवून ते किल्ल्याच्या बुरुजाकडे पाहू लागले. तिथं तोफेचं तोंड नदीकडे रोखलेलं होतं.

"ती तोफ बसवल्यापासून या पाण्यात रक्त सांडलेलं नाही. खरं ना?"

"खरं. त्याआधी मी इथून प्रेतं ओढून काढायचो. दोन्ही काठांची."

"आणि तिनं माणूस एकही मारला नाही! नुसता हुकूम. निशाण न दाखवता जो पाण्यात पाय टाकेल, त्याच्यावर बार. लुटारू फिरकले नाहीत. इकडच्या सरदाराचे घोडेस्वार फिरकले नाहीत. भीती घातली, म्हणून माणसं जगली."

"जगली," फकीर म्हणाला.

त्यानं कबूल केलं, तरी सुभानरावांना बरं वाटलं नाही.

"बाबा... तोफ काढू का?"

"काढलीस तर लुटारू येतील."

"मग ठेवू?"

"ठेव."

"मग म्हाळसा?"

फकिरानं चुलीतली लाकडं मागं ओढली.

"आई वाट बघत असेल. चल, तुला पोचवतो."

बाहेर पालखी, निशाण आणि शिपाई तयार उभे होते.

"यांना पुढं जाऊ दे," फकीर म्हणाला. "आपण मागून पायी जाऊ."

सुभानराव हसले. त्यांनी हात केला. निशाण उंचावलं, नगारा वाजला, सगळे नदी पार करून गेले. बुरुजावरच्या गोलंदाजानं मुजरा केला. माणसं दरवाजातून आत दिसेनाशी झाली.

ऊन उतरलं होतं. पाण्यावरून गार वारा येत होता. फकिरानं आपलं कांबळं सुभानरावांच्या खांद्यावर टाकलं. त्यांनी ते डोक्यावरून ओढून घेतलं.

दोघं पाण्यात उतरले.

बुरुजावर गोलंदाज उठून उभा राहिला.

सुभानरावांनी हात वर केला. "अरे, मी आहे!"

वाऱ्यानं आवाज मागं नेला.

गोलंदाजानं तोफ डागायची पेटती बत्ती हातात घेतली. एवढ्या लांबूनही तिचा लाल ठिपका दिसत होता.

सुभानराव थांबले. आपली तोफ त्यांनी समोरून कधी पाहिली नव्हती.

"चल ना," फकीर म्हणाला. "तोफ तुझी, माणूस तुझा."

"मीच निवडला आहे त्याला. हुकूम म्हणजे हुकूम... हात कचरत नाही त्याचा."

त्यांनी कांबळं काढून टाकलं. पुन्हा हाक मारली. वर कुणी हललं नाही. किल्ल्यात, उजव्या अंगाला, आईच्या खोलीची खिडकी उघडी होती. तिथं कुणीतरी दिवा आणून ठेवला.

सुभानराव त्या दिव्याकडे बघत राहिले. पाऊल उचलायला गेले... उचलेना.

"बाबा," ते हळूच म्हणाले, "तो मला ओळखेल ना?"

फकिरानं खाली पाहिलं. पाणी सुभानरावांच्या गुडघ्यांना लागत होतं.

"म्हाळसाही इथवरच आली होती."