धनेशाच्या घराची हद्द

फार पूर्वी एका राजाला जंगलाला लागून नवं नगर वसवायचं होतं. प्राण्यांची घरं तेवढी सोडा, बाकी सगळी जमीन नगराला, असा त्याचा हुकूम होता. हद्द आखायला त्याने आपली मोजणीची साखळी पाठवली.

साखळी धनेश पक्ष्याच्या बेहड्यापाशी आली. झाडाच्या ढोलीत धनेशीण अंड्यांवर बसली होती. त्यांच्या रीतीप्रमाणे तिने ढोलीचं तोंड आतून लिंपून घेतलं होतं, चोचीपुरती फट तेवढी ठेवली होती. साखळीने झाडाभोवती वेढा घातला आणि ती म्हणाली, "झालं. तुमचं घर सुखरूप."

"साखळीबाई," फटीतून आवाज आला, "पिल्लं मोठी होईपर्यंत मी इथून हलणार नाही. पण मला जेवण कुठून येतं, तेवढं एकदा बघून या."

साखळी धनेशाच्या मागोमाग निघाली. ओढ्याकाठचा उंबर झाला, टेकडीपलीकडचा नांदरुक झाला. मोजून मोजून साखळी दमली, धनेश मात्र चोचीत फळं घेऊन येतच राहिला.

दरबारात तिने हद्द सांगितली तेव्हा राजा चिडला. "एवढ्याशा ढोलीला अख्खी टेकडी?"

"ठीक आहे, महाराज," साखळी म्हणाली. "मग उद्या तुमचा राजवाडाही तसाच मोजते, फक्त भिंतीपर्यंत. कोठार आणि विहीर बाहेर राहतील."

राजाने पाण्याचा पेला उचलला होता, तो तसाच खाली ठेवला. मग त्याने नगराचा नकाशा मागवला आणि टेकडीवर आखलेली बाजारपेठ स्वतःच्या हाताने नदीपलीकडे सरकवली.