कुलदैवताचा प्रसाद

एकदा एक पेठेचं गाव होतं. मोठं, खातंपितं आणि स्वतःवर फार खूश असलेलं. गावाला दगडी वेस होती. वेशीबाहेर आंब्यांखाली परगावाहून आलेल्या काही कुटुंबांनी पालं ठोकली होती. गावातल्या एका शेठजींनी धान्याचं गोदाम बांधायला काढलं, तेव्हा हीच माणसं त्यांना हवी होती. दगड वाहायला, चुना मळायला, उन्हात उभं राहायला. गोदामावर छप्पर चढलं आणि शेठजींना एकदम आठवण झाली, की अरे, ही माणसं तर परकी आहेत.

ही आठवण काम संपल्यावरच होते. काम चालू असताना कोणाला झालेली मी तरी ऐकली नाही.

मग काय, गावात कुजबुज सुरू झाली. यांच्यामुळे हमालांची मजुरी पडली. यांच्या बाया आपल्या घाटावर धुणं धुतात. कोणाचा तांब्या सापडेना, तो यांनीच नेला. तांब्या पुढे ज्याचा त्याच्याच माडीवर सापडला, पण ते सांगायला कोणी चावडीवर गेलं नाही. पालं उठवायची, एवढं ठरलं. अडचण एकच होती. पालातल्या कोंडाई नावाच्या एका पोरीचे दिवस भरत आले होते. तिला रस्त्यावर काढायचं तर पाप लागणार, आणि पाप कोणालाच अंगावर नको होतं. म्हणून सगळे मठातल्या म्हाताऱ्या बाबांकडे निघाले. बाबांनी एकदा मान हलवली, की पाप बाबांचं.

बाबांजवळ एक तरुण शिष्य राहत असे. गावातल्याच कापड दुकानदाराचा मुलगा. पालं उठावीत असं त्यालाही वाटत होतं. सकाळीच तो बाबांना म्हणाला होता, "गावाने तरी किती जणांना पोसायचं?"

मठाच्या अंगणात गाव जमलं, पालातली माणसंही आली. शेठजींनी सगळं गाऱ्हाणं मांडलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पालातल्या म्हाळू नावाच्या म्हाताऱ्याला विचारलं, "तुम्ही आपलं गाव सोडून इथे का आलात?"

म्हाळू म्हणाला, "तुमी वरल्या अंगाला वढ्याला बांध घातलासा. तवापासनं खाली आमच्या हिरी आटल्या. आमचं पाणी हितं आडलं, तवा पाण्याच्या मागनं आमी बी आलो. पाणी ठिऊन घेतासा आन माणसं हाकलतासा. ह्यो कुठला न्याव, म्हाराज?"

"जीभ बघा याची!" मागून कोणीतरी ओरडलं. "खायला मिळालं की फुटतं तोंड."

बाबांनी हात वर केला. "निवाडा होईल. पण गाव ज्याचं, निवाडा त्याने करावा, मी कोण? तुम्ही सगळे आता घरी जा. प्रत्येक घरातल्या एकाने आपल्या कुलदैवतापुढे नारळ फोडून प्रसाद घेऊन यावं. दिवस मावळायच्या आत. जो आणेल तो पंच."

शिष्य चक्रावला. माणसांचा प्रश्न, त्यात देव कशाला? शेठजी तर मोठ्याने हसले. "बाबा, अहो, आमची देवी तुळजापूरची! गाडी जुंपली तरी आठवडा मोडतो."

"बरं. पाटील, तुमचं?"

"आमचा खंडोबा. जेजुरीला."

"वैद्यबुवा?"

"आमचं कानडी मुलखात आहे. तिथला पुजारी काय म्हणतो तेसुद्धा कळत नाही आम्हाला. आम्ही नुसते हात जोडतो."

"कापडवाले?"

शिष्याच्या वडिलांनी घसा खाकरला. "गोव्यात. लग्न झाल्यावर जोडीने जाऊन आलो होतो, तेवढंच. पुढे काही जमलं नाही."

एकेक जण असं सांगत गेला. कोणाचा देव घाटाखाली, कोणाचा दोन नद्या ओलांडून. देवाचं नाव घेताना जो तो आधी ताठ होई आणि गावाचं नाव घेताना त्याचा आवाज खाली येई.

"म्हणजे देव जागच्या जागी आहेत," बाबा म्हणाले. "चालत आलात ते तुम्ही."

बाबांचं बोलणं ऐकून मघाशीच उठून गेलेली भागाई तेवढ्यात अंगणात परत आली. ही ओढ्याकाठी झोपडी करून राहायची आणि टोपल्या विणून विकायची. गावात तिला कोणी मोजत नसे. तिने पदराआडून फोडलेला नारळ काढला आणि बाबांपुढे ठेवला. "माजं दैवत हितंच हाय. उंबराखाली. फोडून आनला."

"तुमची घरं पहिल्यापासून ओढ्याकाठीच का, आई?"

"न्हाई वो. शेटजींची माडी हाय न्हवं, तितं व्हती. मंग पेठ वाढली. आमी सरकलो."

हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. शिंक आली, असं सांगावं तसं सांगितलं.

"मग गाव तुझं," बाबा म्हणाले. "तू पंच. बोल, कोणी जायचं?"

आणि मग मजा झाली. इतका वेळ पालांकडे बघणारं गाव भागाईच्या तोंडाकडे बघायला लागलं. शेठजींनी पागोटं काढून घाम पुसला. पाटील हळूच म्हणाले, "भागाई, तू समजूतदार आहेस हो." जन्मात पहिल्यांदा त्यांनी तिला नावाने हाक मारली असेल.

भागाईने सगळ्यांवरून नजर फिरवली. "जायाचं कशापायी कुनी? ह्या गाववाल्यांचे आजे-पंजे आले तवा पायाला फोड हुते. माज्या आजीनं ताक पाजलं त्यास्नी. तुमचा द्येव कुठला, आसं न्हाई इचारलं. ह्या पोरीला माज्या झोपडीत बाळंत हुंदे. मंगचं मंग बगू."

शिष्याला वाटलं, झालं, मिटलं.

शेठजींनी पागोटं परत डोक्यावर ठेवलं. "देवाचं देवापाशी, बाबा. हे गाव आम्ही वाढवलं. बांध आम्ही घातला, वेस आमच्या पैशाने उभी आहे. नारळाने निवाडे होत नसतात. आणि काय गं म्हातारे, तुझी झोपडी गावाच्या बांधाला लागून आहे. परक्यांना आसरा द्यायचा असेल तर तूही चालू लाग त्यांच्याबरोबर."

यावर कोणीतरी 'अहो शेठजी' एवढं तरी म्हणायला हवं होतं. कोणी म्हणालं नाही. पाटलांनी मान खाली घातली. वैद्यबुवांना कुठला तरी रोगी आठवला.

दिवस मावळायच्या आत पालं उठली. कोंडाईला बैलगाडीत बसवून दिलं. गाडी गावाने दिली, आणि पुढे कित्येक वर्षं गाव सांगत राहिलं, की आम्ही गाडी दिली. गाडीच्या मागून म्हाळू चालत होता आणि म्हाळूच्या मागे टोपल्यांचा भारा डोक्यावर घेतलेली भागाई. ज्या एका माणसाचं ते गाव होतं, ते माणूसही गेलं.

शिष्य बाबांजवळ येऊन बसला. "बाबा, त्यांना पटलं नाही."

"पटलं रे," बाबा म्हणाले. "पटलं म्हणून तर एवढी घाई. हौसेने गाव कोणी सोडत नाही. कोणीतरी त्याचं पाणी नेतं, काम नेतं, आणि तो मागोमाग चालत येतो. तिथे पोचला, की ज्यांनी नेलं तेच त्याला चोर म्हणतात. इथला कोण आणि परका कोण? एक आधी आला, दुसऱ्याला उशीर झाला, एवढंच. आज गावाला हे कळलं आणि लाज वाटली. लाज वाटली की माणूस सुधारतो, नाहीतर ज्याच्यामुळे लाज वाटली त्याला नजरेआड करतो. सुधारायला कष्ट पडतात."

"मग तुमच्या सांगण्याचा उपयोग काय झाला?"

"त्यांना नाही झाला," बाबा म्हणाले आणि आत निघून गेले.

शिष्य घरी गेला. आईने पान वाढलं होतं. वडील जेवत होते. चेहऱ्यावर संकट टळल्याचं समाधान. पोरगं पानावर बसलं आणि म्हणालं, "आपले पणजोबा इथे आले, तेव्हा त्यांना वेशीवर कोणी अडवलं नाही का हो?"

वडिलांनी भाताचा घास कालवला. "अडवणार कोण? वेस होती कुठे तेव्हा? ती आपण लोक आल्यावर बांधली."

बोलून ते जेवत राहिले. आपण काय बोललो ते त्यांना कळलं नाही. पोराला कळलं.