आऊचं ऊन पाणी

फार पूर्वी गोदेच्या काठी पोतली नगरीत रथसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा मंत्री होता. भद्रक त्याचं नाव. राजा आणि मंत्री एकाच वयाचे, आणि दोघांनाही एकाच दाईने वाढवलं होतं. दोघे तिला आऊ म्हणत.

आऊ म्हातारी होऊन गेली, आणि तेव्हापासून राजाचं कशात मन लागेना. लहानपणी तिन्हीसांजेला आऊ दिवा लावायची, दोघांना मांडीशी घेऊन बसायची. त्या दिव्याकडे बघताना रथसेनाच्या छातीत काहीतरी भरून यायचं. कुणीतरी आहे, आणि त्याचं आपल्याकडे लक्ष आहे, असं वाटायचं. आता देवघर सोन्याचं होतं, दिव्यांना तोटा नव्हता. पण राजा हात जोडून उभा राही आणि मनात येई, आज जेवायला काय केलं असेल. मग त्याची त्यालाच लाज वाटे.

एके दिवशी त्याने भर दरबारात विचारलं, "माणूस देव ठाऊक असूनच जन्माला येतो, की मागाहून त्याला तो शिकवतात?"

झालं! पंडितांना तेवढंच हवं होतं. सोमदंत पंडित म्हणाले, "महाराज, जन्मतःच ठाऊक असतो. मासोळीला पोहणं कोण शिकवतं?" पिंगल पंडित म्हणाले, "अहो, काहीतरीच काय! मूल जन्मतं ते निरीश्वरच. मोठी माणसं त्याच्या डोक्यात देव भरतात." सोमदंतांनी शाल झटकली, पिंगलांनी मांडी बदलली, आणि वाद जो सुरू झाला तो पावसाळा उलटला तरी थांबेना.

राजाला वादाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ते दिव्यापुढचं सुख आपलं उपजत असेल, तर आज ना उद्या परत मिळेल. आऊनेच दिलेलं असेल, तर आऊ गेली, तेही गेलं.

एवढ्या दिवसांत दोन्ही पंडितांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, आणि ती गोष्ट नेमकी वाईट होती. नुकतं जन्मलेलं मूल आणायचं, उद्यानातल्या बंद घरात वाढवायचं. तिथे दिवा ओवाळायचा नाही, घंटा वाजवायची नाही, देवाचं नाव कुणी काढायचं नाही. मग बघायचं, मूल आपणहून हात जोडतं का.

त्याच आठवड्यात केसिनी नावाच्या बुरुडणीला मुलगी झाली होती. नवरा आधीच वारलेला. शिपाई गेले आणि पोर घेऊन आले.

बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, उत्तर काहीही निघो, त्यासाठी आईच्या कुशीतून मूल ओढून आणावं लागत असेल तर ते उत्तर आपल्याला नको."

"मला हवंय," राजा म्हणाला. "तुला पटत नसेल तर मुद्रा ठेव आणि जा."

बोधिसत्त्वाने मंत्रिपदाची मुद्रा काढून राजापुढे ठेवली, नमस्कार केला आणि तो बाहेर पडला. दरबाराने तोंडात बोट घातलं. राजाला वाटलं, येईल चार दिवसांत परत. जातोय कुठे?

तो गेला उद्यानाच्या फाटकापर्यंत. तिथे केसिनी येऊन बसली होती. भिंतीपलीकडून लेकीचं रडणं ऐकू येई म्हणून ती रोज बांबूच्या कांबी घेऊन तिथेच टोपल्या विणू लागली. बोधिसत्त्व तिच्यासाठी बांबू सोलू लागला. पहिले काही दिवस बांबूपेक्षा बोटंच जास्त सोलली.

"राहू द्या हो दादा, तुमचं काम नव्हे हे," केसिनी म्हणायची.

"मग शिकव. तुझ्याजवळ नुसतं बसून तुझं रडणं ऐकवत नाही मला."

वरच्या सज्जातून राजाला हे दिसे. त्याने तिकडे बघणं सोडलं.

वर्ष सरलं. मूल उभं राहू लागलं. परीक्षेचा दिवस ठरला, नगरातली माणसं बोलावली गेली, फाटक उघडलं. बोधिसत्त्व आणि केसिनी गर्दीत मागे उभे राहिले. कोवळं ऊन अंगणात आलं होतं. मुलीला सांभाळायला नेमलेल्या रेवा दाईने तिला बाहेर आणून उभं केलं. मुलीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, उगवत्या सूर्याकडे तोंड केलं आणि चिमुकले हात जोडले.

"बघा! बघा!" सोमदंत पंडित उडालेच. "सूर्यनारायणाला ओळखलंन् पोरीने! कुणी शिकवलं हिला?"

"त्या बाईने शिकवलं!" पिंगल ओरडले. "महाराज, दाई फितूर आहे!"

राजा आसनावरून उठला. म्हणजे उपजतच असतं! पण रेवा खोटं वागली असेल तर? तो तिच्यावर कडाडला, "खरं सांग. देवाचं नाव काढलंस की नाही? काढलं असशील तर जिवाला मुकशील."

रेवाने राजाचे पाय धरले. "नाही हो महाराज! लेकरांची शपथ, एकदाही नाही. नुसतं न्हाऊमाखू घातलं, दूध पाजलं."

तेव्हा गर्दीतून बोधिसत्त्व पुढे आला. "महाराज, सूर्याच्याच दिशेला काय ठेवलंय ते बघितलंत का?"

अंगणाच्या त्या कडेला चुलाण्यावर घंगाळ होतं. न्हाणाचं पाणी तापत होतं, त्याची वाफ उन्हात वर चढत होती.

"रेवाबाई, भिऊ नका," बोधिसत्त्व म्हणाला. "रोज न्हाऊ घालता तशीच आज घाला. आमच्या देखत."

रेवा पाय लांब करून पाटावर बसली. पोरीला पायांवर आडवं घेतलं, तेल चोळलं. हात छातीवर आडवेतिडवे केले, पाय दुमडून पोटाशी नेले. मग ऊन पाण्याचा तांब्या उचलण्याआधी, पोर चुळबुळू नये म्हणून, तिचे दोन्ही तळवे जुळवून आपल्या डाव्या मुठीत धरले आणि वरून धार सोडली. पोर खुदकन हसली.

पंडितांची तोंडं बघण्यासारखी झाली. पण राजा त्यांच्याकडे बघतच नव्हता. त्याला आऊची खरबरीत मूठ आठवली. तिळाच्या तेलाचा वास आठवला. शेजारी रडणारा भद्रक आठवला, कारण त्याच्या डोळ्यांत नेहमी पाणी जायचं. दिव्यापुढे बसायचे ते न्हाऊन, अंग ऊबदार असतानाच! राजाचे डोळे भरून आले.

"आऊ असंच करायची," तो हळूच म्हणाला.

"असंच करायची."

"मग भद्रका, ते सगळं नुसतं ऊन पाणीच होतं? देव ठाऊक नव्हताच मला?"

"नव्हता. आणि देव नाही, हेही ठाऊक नव्हतं. दोन्ही पंडित चुकले. मूल यातलं काही घेऊन येत नाही. ते मूठ आवळून येतं आणि मिळेल ते बोट घट्ट धरतं. पुढे कुणी त्या बोटामागे देव बघतं, कुणी बघत नाही."

"पण माझं हरवलं, त्याचं काय?"

बोधिसत्त्वाने त्याला लहानपणच्या नावाने हाक मारली. "रथ्या, तुझा देव हरवला की नाही, मला माहीत नाही. तुला आऊची आठवण येतेय. एवढंच आहे ते. आणि त्या आठवणीपायी तू एका पोरीची आऊ हिरावून घेतलीस."

राजाने ओली पोर उचलली, शालीत गुंडाळली आणि गर्दीतून वाट काढत स्वतः केसिनीजवळ नेली. केसिनीने हात पसरले. पोर तिच्याकडे बघून किंचाळली आणि मागे वळून रेवाला शोधू लागली. वर्षभर भिंतीपलीकडे बसलेली आई तिला परकी होती.

केसिनीने पसरलेले हात मागे घेतले. आपण काय केलं ते राजाला आत्ता कळलं.

रेवाच पुढे झाली. "मी येते हो बाई तुझ्याकडे. तुझी होईपर्यंत राहते." राजाने तिला आनंदाने जाऊ दिलं आणि मुद्रा बोधिसत्त्वाच्या हाती परत दिली. बोधिसत्त्व म्हणाला, "घेतो. पण आधी हिची अर्धी राहिलेली टोपली पुरी करून देतो."

पुढे राजा अधूनमधून बुरूडआळीत जाई आणि दारातूनच विचारी. पोर अजून आईकडे जात नसे. एका सकाळी मात्र तो दारात थबकला. केसिनी एकटीच चुलाण्यापाशी बसली होती. पोर भिंतीला धरून उभी होती. केसिनीने पाण्यात हात घालून बघितला, पाय लांब केले आणि म्हणाली, "ये गं बाय."

पोरीने भिंत सोडली. आईकडे बघून हात जोडले आणि दुडुदुडु चालत तिच्या पायांवर जाऊन आडवी झाली.

राजा दारातच उभा राहिला. छातीत ते जुनं काहीतरी भरून आलं. दिवा नव्हता, घंटा नव्हती. त्याचेही हात जुळले, आणि ते कुणाला जुळले हे त्याने कुणाला विचारलं नाही.

कितीतरी जन्मांनंतर शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा विहारात सांगितली, तेव्हा याच प्रश्नावरून भांडून वेगवेगळ्या झाडांखाली जेवायला बसणारे दोन भिक्खू समोरच होते. शास्ते म्हणाले, "ते सोमदंत आणि पिंगल म्हणजे तुम्ही दोघे. केसिनी आणि तिची लेक आज भिक्खुणीसंघात एकाच कुटीत राहतात, आणि रेवा आजही आजाऱ्यांना न्हाऊ घालते. रथसेन तो म्हातारा उपासक, विहाराच्या दाराशी येणाऱ्यांच्या पायांवर ऊन पाणी घालणारा. आणि भद्रक मंत्री मीच होतो. त्या जन्मी मी करुणा पारमिता, म्हणजे करुणेचं व्रत, पाळली."

त्या दिवशी दोघे भिक्खू एका झाडाखाली जेवले.