ठमा कुंभारणीचा रांजण

फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या आसरवाडीत ठमा नावाची कुंभारीण राहायची. तिच्या मडक्यातलं पाणी वैशाखातही दातांना झोंबायचं, असं म्हणतात.

तिला एकच धाकटा भाऊ, हैबती. त्याची बायको तापानं गेली आणि त्यानं अन्न सोडलं. 'नाही' म्हणणं अशुभ, म्हणून आपण तांदूळ संपले की 'वाढले' म्हणतो, दिवासुद्धा विझवत नाही, 'वाढवतो'. हैबती मात्र सगळ्यालाच सरळ 'न्हाय' म्हणू लागला. गावानं कानांत बोटं घातली.

"आक्का," तो एक दिवस म्हणाला, "ह्ये समदं हाय कशापायी? कायबी नसतं, तर कुणाचं काय बिघडलं असतं?"

भाऊ डोळ्यांदेखत वाळत चालला होता, आणि ठमाचा त्याच्यावर फार जीव. ती म्हणाली, "त्ये कायबी-न्हाय कसं असतं, मडक्यात धरून आणते. मग तूच ठरीव, कंचं बरं. तवर दोन घास खा."

पहिल्या मडक्याचं झाकण काढलं, तर आत ओल्या मातीचा वास. "ह्ये तर हायच की," हैबती म्हणाला. दुसऱ्यात मुंगी फिरत होती. तिसऱ्यात म्हणे मूठभर चांदणं सांडलं होतं. बारा वर्षं ठमा मडकी घडवत राहिली, आणि बारा वर्षं हैबती वाट बघत जेवत राहिला. आता बोला.

शेवटी तिनं देवळाच्या कळसाएवढा रांजण भाजला. शिडी लावून हैबती आत वाकला. मिट्ट काळोख. ना वास, ना मुंगी.

"कायबी न्हाय," तो ओरडला.

"हाय," आतून आवाज आला.

बारा वर्षांत हैबती पहिल्यांदा हसला. काही खवचट लोक म्हणत, आत ठमाच दडून बसली होती. म्हणोत बापडे.

पुढे ठमा म्हातारी होऊन गेली. तेराव्याला पानं वाढली, पण हैबतीच्या घशाखाली घास उतरेना. तो उठला, कशीबशी शिडी चढला आणि रडत रडत रांजणात म्हणाला, "आक्का न्हाय."

"हाय," रांजण म्हणाला.

हैबती खाली उतरला आणि जेवला.

रांजण पुढे एका पुरात वाहून गेला. पण आसरवाडीत आजही कुणी गेलं की तेराव्याला कोरं मडकं आणतात. घरातलं माणूस त्यात तोंड घालून गेलेल्याचं नाव घेतं, 'न्हाय' म्हणतं, आणि मडकं काय बोलतं ते ऐकून मगच पहिला घास घेतं. हे सगळं आहे कशाला, असं कुणी पोरानं विचारलंच, तर तिथली म्हातारी माणसं सांगतात, "ठावं न्हाय."

आणि मडकं पुढे करतात.